८३ च्या बुलेटचा ऑइल फिल्टर गेला का? गरम झाली की खालून ठकठक येते

राळेगावचा_भाऊ

नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९८३ ची बुलेट ३५० हाय, उजव्या पायाले गिअर अन् डाव्या पायाले ब्रेकवाली, बाबानं घेतलेली. लय वर्षं कोठ्यात उभी होती. दिवाळीनंतर बाहेर काढली, पेट्रोल टँक धुतला, कार्बोरेटर, पॉइंट, बॅटरी, केबली सगळं पाहून सुरू केली अन् हिवाळाभर बराबर चालली. आता ऊन तापलं अन् त्रास सुरू झाला. सकाळी वावरात जाऊन येतो तं काही आवाज नाही, पण दुपारी वर्धेकडे निघालो की अर्ध्या रस्त्यात इंजिनच्या खालच्या बाजूनं ठक ठक ठक येते, एक्सीलेटर जरा सोडला की जास्त, अन् थंडी झाली की पुन्हा गायब. ऑइल बी लवकर काळं होऊन रायलं अन् उजव्या बाजूच्या फिल्टरच्या टोपीपासून झिरपते, पायजम्यावर डाग.

गावातले मिस्त्री म्हणते की बोअर करा लागते (सिलिंडर आतून घासून मोठा करा लागते), क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) काढा लागते, इंजिन पुरं खोला. मले थे पटून नाही रायलं, कारण धूर नाही, पिकअप बी चांगला हाय. फिल्टर कधी बदलला थे घरी कोणालेच माहीत नाही. यात कागदाचा फिल्टर नाही, फेल्टचा (दाबलेल्या लोकरीचा) असते म्हणे. तं फेल्ट खराब झाल्यानं असा आवाज येऊ शकते का? अन् घरच्या घरी कसं तपासाचं, कोणी नीट सांगन का? गाडी विकाची नाही, चालवाचीच हाय.


वरुडचा_बुलेटवाला

भाऊ पहिले तं गाडी उभी करा, आजच. फिल्टर बदलून पाहू मग चालवून पाहू असं नका करू. तुम्ही सांगतलेला आवाज, थंड असताना नाही, गरम झाल्यावर येते, खालून येते, एक्सीलेटर सोडताना वाढते, हे बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉड खाली क्रँकले जिथं जोडला असते त्या जोडाचं, लक्षण हाय. पिस्टनचा आवाज उलटा असते, थंडीत येते अन् गरम झाल्यावर कमी होते. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज वरून येते, बारीक टिकटिक, अन् तो सतत राहते. एक लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक क्रँककेसले लावा मूठ कानाले लावा, मग बॅरलच्या (सिलिंडरच्या) बुडाले लावा, मग हेडले, जागा समजते. पण बिग एंड गेलाच असं मी म्हणून नाही रायलो, त्याले ऑइल पोचत नसन तरी तो बोंबलतेच, अन् वेळेवर थांबलं तं वाचते.

आता ऑइलचा रस्ता समजून घ्या, हे समजलं की मिस्त्रीच्या भरवशावर राहा नाही लागत. या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसमध्येच पण वेगळ्या कप्प्यात हाय, मांगच्या बाजूले. उजव्या हाताच्या टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप, दोन्ही एकाच वर्मवर (आट्याच्या गिअरवर) फिरते. एक पंप टाकीतलं ऑइल ओढून फिल्टरमध्ये ढकलते, फिल्टरमधून थे थेट क्रँकच्या टोकातून बिग एंडले जाते. दुसरा पंप खाली जमा झालेलं ऑइल उचलून परत टाकीत टाकते अन् जाता जाता वर हेडमधल्या रॉकरले (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीले) बी देते. म्हणजे फिल्टर हा बिग एंडच्या तोंडाशी बसला हाय. फेल्ट गाळानं भरून गच्च झाला तं सगळ्यात पहिले बिग एंड उपाशी, अन् फेल्ट आकसला, दबला, टोकाच्या वायसरा गेल्या तं ऑइल फेल्टमधून न जाता कडेकडेनं निघून जाते अन् कचरा सरळ बिग एंडमध्ये. दोन्हीकडून मरण त्याचंच. तुमचं ऑइल लवकर काळं होऊन रायलं, टोपी झिरपून रायली, मले तं दुसरी गोष्ट वाटते.

लोकं काय करते, रॉकरचा बँजो बोल्ट (ऑइलच्या नळीचा पोकळ बोल्ट) ढिला करून पाहते, ऑइल आलं की म्हणते ऑइल चालू हाय टेन्शन नाही. अरे पण थे परतीचं ऑइल हाय राजेहो. त्यानं परतीचा पंप चांगला हाय एवढंच कळते, बिग एंडले काही पोचलं का नाही थे कळत नाही. थे पाहाचं असन तं गाडी स्लोवर ठेवून फिल्टरच्या टोपीचा नट अगदी जरासा ढिला करा, कडेनं ऑइल दाबानं यायले पाहिजे, आलं की लगेच आवळा. हे झालं पंपाचं. मग टायमिंग कव्हरवर क्रँकच्या टोकासमोर एक प्लग असते, तो तसाच जराक ढिला करून पाहा. टोपीपाशी ऑइल जोरात अन् प्लगपाशी मेलेलं, म्हणजे फिल्टर अडवून रायला. दोन्हीकडे मेलेलं असन तं पंप पाहा.


काळीमाती

वरच्या भावाच्या सांगण्यात एक जोडतो कारण उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये हे हमखास होतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपामधून हळूहळू खाली क्रँककेसमध्ये उतरतं. माणूस डिपस्टिक पाहतो, लेव्हल कमी दिसते, वरून अजून अर्धा लिटर ओततो, मग गाडी सुरू केली की सगळं ऑइल परत टाकीत येतं आणि जास्तीचं ब्रीदरमधून (इंजिनची हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर फेकलं जातं, चेनवर, मागच्या चाकावर. मग लोक म्हणतात इंजिन ऑइल फेकतंय, रिंग गेली. लेव्हल पाहायची तर गाडी पाच-दहा मिनिटं चालवून, बंद केल्यावर लगेच पाहायची. आणि ऑइल काढताना फक्त टाकीचा ड्रेन उघडून भागत नाही, क्रँककेसचा ड्रेन वेगळा आहे, तो पण उघडा, खरा गाळ तिथेच सापडतो.

भाऊ तुम्ही कोठ्यातून काढल्यावर आतलं जुनं ऑइल पूर्ण बदललं होतं का? आणि कोणतं टाकलं?


राळेगावचा_भाऊ

ऑइल बदललं होतं, २०डब्ल्यू५० टाकलं. पण ड्रेन एकच उघडला होता मिस्त्रीनं, मी समोरच होतो. फिल्टरची टोपी तं उघडलीच नाही, म्हणे थे नका छेडू झिरपन.


चांदा_४५_डिग्री

माझं मत वेगळं आहे. आपल्याकडं मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, वर्धा पंचेचाळीसच्या वर जातंय, एवढ्या उन्हात २०डब्ल्यू५० पाण्यासारखं पातळ होतं. जुन्या काळी या गाड्यांमध्ये एकच ग्रेडचं जाड ऑइल टाकायचे, ४० नाहीतर ५० नंबरचं. तेच टाका, वरून एखादं जाड करणारं अ‍ॅडिटिव्ह टाका, आवाज बंद होईल. माझ्या मामाच्या गाडीत हेच केलंय आणि चालतेय.


वरुडचा_बुलेटवाला

चांदावाले भाऊ, रागावू नका पण हे ऐकून कोणाची गाडी बसन म्हणून लिहितो. २०डब्ल्यू५० मधला जो ५० हाय थो गरम इंजिनातल्या जाडपणाचाच आकडा हाय, शंभर डिग्रीवर मोजतात थो. म्हणजे गरम झाल्यावर २०डब्ल्यू५० अन् साधं ५० जवळपास सारखंच जाड, ४० नंबर तं त्याहून पातळ. फरक थंडीत पडते, सकाळी किक मारल्यावर साधं ५० लय घट्ट राहते अन् फेल्टमधून बिग एंडपर्यंत जायले वेळ लावते, अन् त्या वेळात घासते कोण, बिग एंडच. जाड करणारं अ‍ॅडिटिव्ह टाकून आवाज कमी होते हे खरं, पण आवाज दाबला म्हणजे दुखणं बरं झालं असं नाही. या गाडीले ऑइलचा दिवा नाही, काटा नाही, आवाज हीच एक खबर भेटते अन् थेच आपण बंद कराची का?


अल्लीपूर_सीडी१००

मधात बोलतो माफ करा. माझ्याकडे जुनी हिरो होंडा सीडी १०० आहे, मी पण फिल्टर शोधून रायलो पण दुकानदार म्हणते यात फिल्टरच नाही. खरं का? आणि शेजाऱ्याच्या राजदूतमध्ये पण नाही म्हणे.


हिंगणघाट_लेथ

दोघांचं उत्तर देतो. सीडी १०० मध्ये बदलायचा फिल्टर नाही पण साफ करायचे दोन आहेत. एक खाली जाळी, आणि दुसरा उजव्या बाजूच्या क्लच कव्हरच्या आत क्रँकवर गोल डबी असते, ती इंजिनच्या वेगानं फिरते आणि ऑइलमधला जड कचरा कडेला फेकून तिथंच चिकटवून ठेवते. डबीचं झाकण काढून आतली काळी साय खरवडून काढायची, चिंधी सोडू नका आत. राजदूत १७५, जुन्या येझदी, जावा ह्या टू स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून जातं, तिथं इंजिनला फिल्टर नसतोच, गिअर बॉक्सचं ऑइल तेवढं बदलायचं.

आता राळेगाववाल्या भाऊंसाठी. मी लेथवर बसतो, क्रँकचं काम करतो, जुन्या बुलेट लय येतात माझ्याकडे. दहापैकी बहुतेक लोक फिल्टर बदलतात आणि समजतात काम झालं. फिल्टरच्या पुढं जे आहे ते कोणी पाहत नाही. फिल्टरमधून निघालेलं ऑइल टायमिंग कव्हरमधून क्रँकमध्ये जातं कुठून, तर क्रँकच्या टोकाला एक पोकळ बोल्ट असतो, क्विल बोल्ट म्हणतात त्याले, आणि कव्हरमध्ये त्याच्यावर एक छोटी सील बसते, जुन्यात बुचाची, आता रबराची मिळते. क्रँक फिरते, सील जागेवर, त्यामुळं ती झिजते, आणि गाडी उभी राहिली की वाळून कडक होते, तुटते. ती गेली की फिल्टर कितीही नवा टाका, ऑइल सीलच्या कडेनं टायमिंग कव्हरमध्येच सांडते, तिथून खाली, आणि परतीचा पंप ते उचलून टाकीत टाकते. ठिबकच्या नळीचा जॉइंट सुटल्यावर मोटर चालू दिसते, पाणी बी निघते, पण शेवटच्या झाडाले एक थेंब पोचत नाही, तसं होते. परतीचं ऑइल मस्त दिसन, रॉकरले ऑइल येईन, प्लग ढिला केला तरी बाहेर येईन, आणि बिग एंड कोरडा. म्हणून समोरचा तो प्लग पूर्ण काढा आणि टॉर्च मारून सील पाहा. ही वस्तू बोटाच्या नखाएवढी आहे आणि पूर्ण क्रँक खाते.

जुन्या बुलेटच्या बिग एंडले रोलर बेअरिंग नाही, फ्लोटिंग बुश (धातूची मोकळी कडी) आहे, म्हणजे ऑइलच्या थरावर तरंगणारा. त्याले दाबानं, स्वच्छ ऑइल सतत लागते. म्हणूनच एवढं सांगून रायलो.

खोलायचं असं करा. आधी बाहेरून सगळं धुवा, आपल्याकडची काळी माती फिनमध्ये आणि टोपीभोवती गच्च बसते, टोपी उघडली की आतच पडते. मग टोपी काढा, स्प्रिंग, वायसरा, फेल्ट, ज्या क्रमानं निघन त्याच क्रमानं एका कापडावर मांडा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण दोन्ही टोकाले वायसर पाहिजे आणि बरेच वेळा मागच्या माणसानं एखादी गाळलेली असते. फेल्ट डिझेलमध्ये धुऊन परत टाकू नका, नवीन टाका, किट महाग नाही. जुना फेल्ट पांढऱ्या सुती कापडावर पिळा, ते कापड उन्हात पाहा. मॅग्नेट फिरवा. मॅग्नेटले बारीक लोखंडी लव चिकटली तर एवढ्या जुन्या इंजिनात घाबरायचं कारण नाही. न चिकटणारे सोनेरी कण दिसले तर ते बुशचे. चांदीसारखे न चिकटणारे, नरम असले तर अ‍ॅल्युमिनियम नाही तर व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू). ते जपून ठेवा, फेकू नका, त्यावरूनच पुढचं ठरते.

कव्हर काढावं लागलं तर गॅस्केट नवीनच टाका आणि सिलिकॉन थापू नका. ऑइलची भोकं त्याच गॅस्केटमधून जातात, जास्तीचं सिलिकॉन आत दबते, भोक बंद होते, आणि मग नवीन काम केलेलं इंजिन आठ दिवसात माझ्याकडे परत येते. पंपाच्या डिस्क काढून पाहा, त्यावर गोल रेघा असल्या तर सपाट काचेवर बारीक ग्राइंडिंग पेस्ट टाकून आठ आकड्यात घासल्या की बसतात. वर्म काढायची वेळ आली तर ध्यानात ठेवा, त्याचे आटे उलटे आहेत, जोर लावून तोडू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टोपी लावायच्या आधी फिल्टरची पोकळी ऑइलनं भरा. रिकामी ठेवून किक मारली तर पंप आधी ती पोकळी भरते आणि तेवढा वेळ बिग एंडले काहीच नाही. गाडी साइड स्टँडवर डावीकडं कलती ठेवली की फिल्टरची बाजू आपसूक वर येते, कुप्पीनं सावकाश ओता, फेल्टले पिऊ द्या, परत ओता. मग स्पार्क प्लग काढून, त्याची वायर बॉडीले लावून, सावकाश किका मारत राहा जोपर्यंत समोरच्या प्लगपाशी ऑइल दिसत नाही. पाय दुखन पण घाई करू नका.


काळीमाती

लेथवाले दादा, एवढं कोणी उलगडून सांगत नाही, धन्यवाद. या गाडीचं हेच मला आवडतं. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली, मूळ इंजिन इंग्लंडच्या रेडिचचं, ३४६ सीसी, सत्तर मिलिमीटर बोअर आणि नव्वदचा स्ट्रोक, आणि तो ढाचा इतकी वर्षं जवळपास तसाच ठेवला की आज तालुक्याच्या गावात बसून पण ८३ च्या गाडीची सील, फेल्ट, गॅस्केट मिळते. एवढ्या जुन्या दुसऱ्या कोणत्या गाडीचं असं सांगता येईल. फक्त डुप्लिकेट फेल्टपासून जपा, काहींचा फेल्ट इतका विरळ असतो की उजेड आरपार दिसतो, आणि लांबी कमी असली तर तो टोकाला बसतच नाही, पुन्हा कडेनं ऑइल जाणार. दुकानात जुना घेऊन जा आणि बाजूला ठेवून मापून घ्या.


राळेगावचा_भाऊ

भाऊ लोकं, खोललं. पहिले टोपीचा नट ढिला करून पाह्यला, ऑइल दाबानं आलं, पंप चांगला हाय. मग सगळं धुऊन टोपी काढली. फेल्ट एका बाजूनं चपटा झालेला, मधात काळा गाळ अन् दोन्ही टोकाले घासून गोल झालेला. आतल्या बाजूची वायसर नाहीच. टोपीचं रबर दगडासारखं, म्हणून झिरपत होतं. मग समोरचा प्लग काढला, टॉर्च मारला. सील दिसली पण अर्धीच हाय, बाकीची कुठं गेली माहीत नाही. क्रँककेसचा ड्रेन उघडला तं त्यातून जे निघालं थे ऑइल म्हणावं का कापूस वेचणीच्या वेळचा चिखल, एवढं घट्ट.

कापडावर पिळून उन्हात पाह्यलं. मॅग्नेटले लोखंडाची लव चिकटली, थोडीशीच. पण सोनेरी कण बी हायत, मोजके, उन्हात चमकते, मॅग्नेटले येत नाही. फोटोत नीट नाही दिसून रायले. आता सांगा, नुसतं फिल्टर, सील, गॅस्केट टाकून सुरू करू का इंजिन खोलू? सोयाबीनच्या पेरणीच्या आधी गाडी लागते, पण घाईनं बाबाची गाडी मले खराब नाही कराची.


हिंगणघाट_लेथ

भाऊ तुम्ही नीट काम केलं, असं पाहणारा माणूस भेटला की बरं वाटते. सोनेरी कण म्हणजे बुशच पण कोणता बुश ते अजून नक्की नाही. कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाले, पिस्टनच्या पिनजवळ पण पितळी बुश असते, कण तिथले बी असू शकते. म्हणून क्रँक काढायच्या आधी फक्त हेड आणि बॅरल काढा, त्याले इंजिन फ्रेममधून उतरवावं लागत नाही. पिस्टन वरच्या टोकाले आणून रॉड दोन हातानं धरा आणि सरळ वर-खाली ओढून पाहा. आजूबाजूला हलते ते ठीक, तेवढी मोकळीक असतेच. वर-खाली जराही टक् लागला तर बिग एंड गेला, मग दुसरा विचार नाही. टक् नसन तर पिस्टनची पिन बुशमध्ये किती खेळते ते पाहा, ती ढिली असन तर कण तिथले, नवीन बुश दाबून रीमर मारला (भोक मापात कापलं) की झालं.

टक् लागला तर क्रँक घेऊन या. तेव्हा दोन रस्ते आहेत, परत फ्लोटिंग बुश नाही तर रोलर बेअरिंग. रोलर कमी ऑइलवर तग धरते म्हणून आपल्याकडं बरेच लोक तेच टाकतात, माझंही मत तिकडंच जाते पेरणीच्या दिवसात रोज वावरात जायची गाडी असन तर. पण क्रँक परत जुळवताना दोन्ही फ्लायव्हील (क्रँकची जड चाकं) एका रेषेत नाही बसवले तर रोलर बी वाचत नाही, त्यामुळं जुळवल्यावर डायल (सरळपणा मोजायचं घड्याळ) लावून दाखवल्याशिवाय कोणाचीच क्रँक घेऊ नका, माझी बी नाही.


वरुडचा_बुलेटवाला

अन् हिंगणघाटच्या दादाच्या बोलण्यात एवढंच जोडतो की सीलचा हरवलेला अर्धा तुकडा शोधा. थो टायमिंग कव्हरमध्ये पडला असन तं ठीक, पण पोकळ बोल्टमधून क्रँकच्या भोकात गेला असन तं नवीन सील टाकून बी ऑइल अडकन. कव्हर काढाच, पंपाच्या डिस्क बी पाहणं होऊन जाईन. क्विल बोल्ट काढून आरपार फुंकून पाहा, मग क्रँकच्या भोकात डिझेल पिचकारीनं मारून बिग एंडच्या बाजूनं निघते का पाहा, बॅरल काढलेलीच राहीन तं दिसते.

सगळं बसवल्यावर पहिले पाचशे किलोमीटर जड ओढू नका, चढावर गिअर कमी करा, अन् त्यानंतर ऑइल अन् फेल्ट दोन्ही पुन्हा बदला, दोन्ही ड्रेन उघडून. तो फेल्ट बी पांढऱ्या कापडावर पिळा. सोनेरी दिसलं नाही तं बिनधास्त चालवा.


राळेगावचा_भाऊ

ठीक हाय, रविवारी बॅरल काढतो. मिस्त्रीले बी बोलावलं हाय, त्याले हे सगळं वाचून दाखवलं, थो बी म्हणे की क्विल बोल्टची सील त्यानं आजवर कधी पाह्यली नव्हती अन् त्याले बी पाहाची हाय. रॉड ओढून पाह्यला की इथंच लिहितो. लेथवाले दादा, क्रँक आणाची वेळ आली तं सोबत अजून काय काय आणू?


हिंगणघाट_लेथ

क्रँक, रॉड, पिस्टन पिनसहित, आणि क्विल बोल्ट. कापडातले ते सोनेरी कण पुडीत बांधून आणा, मी पाहीन. बॅरल पण आणा, आलीच आहे बाहेर तर बोअर मोजून देतो, म्हणजे मिस्त्री म्हणते तसा बोअर खरंच लागते का ते मापावरून कळन.